डॅडींच्या ॲम्पचे व्हॉल्व्ह

पामेट्टो बेंड, फ्लोरिडा
१० जून १९७४

प्रिय लेम,

आधीच सांगते, डॅडी बरे आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. पण काल चर्चमध्ये जे झालं ते तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

प्रवचन संपलं, लोक उभे राहिले, टाळ्यांनी जोर धरला आणि डॅडींनी मांडीवरच्या गिटारवर ती पोलादी कांडी टेकवली. ते कसं सुरू करतात तुला ठाऊकच आहे. एकच सूर खालून वर ओढत नेतात, दुसऱ्या खोलीतून आईनं हाक मारावी तसा. काल तो सूर अर्ध्यावर असताना त्यांनी हात उचलला. मागे वळून आवाजाच्या डब्याकडे, ॲम्पकडे बघितलं, बटण वाढवलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. मग कांडी खिशात घातली आणि सरळ बाहेर जाऊन गाडीत बसले. लोक टाळ्या वाजवतच राहिले. शेवटी पास्टरच्या बायकोनं ऑर्गनवर वेळ निभावून नेली.

गाडीत मी विचारलं, "डॅडी, झालं काय?"

"ॲम्प मेला."

घरी आणून लावला तर चालू! तरी डॅडींचं म्हणणं एकच, सूर पोचत नाही. पोटातून निघतो आणि गळ्यात अडकतो. आतले काचेचे व्हॉल्व्ह गेले असणार म्हणतात. इथल्या औषधाच्या दुकानात व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र असायचं, ते गेल्या वर्षी काढून टाकलं. आता तिथं उन्हाचे चष्मे विकतात. तू टीव्ही-रेडिओच दुरुस्त करतोस, तर पाठव बाबा एक संच.

बाकी क्षेम. नवे पास्टर एल्डर गेथर्स उत्साही आहेत. वर्गणी काढून चर्चमध्ये एसी बसवलाय. गेल्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्या चक्कर येऊन पडल्या होत्या, यंदा सिस्टर लूडी शाल घेऊन येते आणि नाक ओढत बसते. कोरीनला आणि पोरांना प्रेम.

तुझी,
झेला

*

रोचेस्टर, न्यू यॉर्क
१५ जून १९७४

प्रिय झेला,

पाच व्हॉल्व्ह पाठवतोय, दोन मोठे, तीन लहान. कापसात गुंडाळलेत. पोस्टमन खोका आपटेल असं धरूनच बांधलाय.

आता नीट वाच. आधी वायर भिंतीतून काढ. काढल्यावर लगेच आत हात घालायचा नाही, त्या डब्यात वीज दबा धरून बसलेली असते. जेवा, भांडी घासून घे, मग मागची फळी उघड. व्हॉल्व्ह रुमालानं धरायचा, सरळ ओढायचा, पिरगळायचा नाही. एका वेळी एकच काढ आणि त्याच्या जागी तसाच दिसणारा बसव. खाली पाय आहेत, ते भोकांत जुळले की आपोआप बसतो. बसत नसेल तर जोर करू नकोस. तुझा जोर मला ठाऊक आहे, माझ्या लहानपणी तू दाराची मूठ उपटली होतीस.

गिटारची वायर जिथं खुपसतात त्याच्या शेजारचा लहान व्हॉल्व्ह महत्त्वाचा. आवाजाचं तोंड तेच. तो बदलला की डॅडींना फरक कळेल.

इकडे लोक ट्रान्झिस्टरचे सेट आणतात, व्हॉल्व्ह कोणी विचारत नाही. त्यामुळे डॅडींसाठी खोका बांधताना बरं वाटलं. ते माझ्याबद्दल काही विचारतात का? सहज विचारलं.

तुझा,
लेम

*

पामेट्टो बेंड
२४ जून १९७४

प्रिय लेम,

बसवले! भांडी घासून, रुमाल घेऊन, तू सांगितलंस तस्सं. डॅडी टॉर्च धरून उभे होते आणि मी जणू त्यांचंच पोट कापतेय अशा चेहऱ्यानं बघत होते. "हळू. हळू गं. तो नाही, त्याच्या शेजारचा." सगळं आयुष्य या डब्यावर वाजवलं, पण आत काय आहे ते त्यांनी आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

मग ॲम्प तापला, काचेतून केशरी उजेड आला, आणि डॅडींनी एक सूर ओढला. लेम, भांड्यांच्या कपाटातल्या बश्या वाजल्या. डॅडी हसले. कवळी लावलेली नव्हती तरी हसले. तासभर वाजवत होते. मी मक्याचा पाव करपवला तरी मला कोणी बोललं नाही.

आणि काल चर्चमध्ये पुन्हा तेच. डॅडी म्हणाले, गिटार गोधडीखाली घातल्यासारखी वाटते. त्यांनी बटण पार शेवटापर्यंत नेलं, तर सूर फाटायला लागला. मला विचारशील तर मी गाणाऱ्यांत, ॲम्पच्या मागे उभी असते, समोर काय पोचतं ते मला सांगता येत नाही. चर्चचा कारभार बघणारे डीकन म्हणाले, "छान वाजलं, ब्रदर टॉलिवर." पण ते बाप्तिस्मा घेताना रडणाऱ्या पोराच्या आवाजालाही छानच म्हणतात.

घरी चांगला आणि चर्चमध्ये वाईट, याला काय म्हणायचं? डॅडी म्हणतात हे व्हॉल्व्ह तकलादू, अजून चांगले मागव.

आणि हो, विचारतात तुझ्याबद्दल. "खोका चांगला बांधलाय," म्हणाले.

तुझी,
झेला

*

रोचेस्टर
२९ जून १९७४

प्रिय झेला,

दुसरा खोका आजच वेगळा पाठवलाय. हे लहान व्हॉल्व्ह माझ्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून खास मिळवलेत. जुन्या काळातला माल आहे, पण कोरा करकरीत. याहून चांगले कुठं मिळायचे नाहीत.

आता हे तुझ्यापुरतं. माझ्या दुकानात म्हातारी माणसं येतात, टीव्ही बिघडलाय म्हणतात. मी लावून बघतो तर टीव्ही ठणठणीत. बिघडलेले असतात त्यांचे कान. घरात चार भिंतींत ऐकू येतं, माणसांच्या गलक्यात येत नाही. सुरुवात अशीच होते. झेला, डॅडींचे व्हॉल्व्ह गेलेले नाहीत, कान गेलेत. घरी चांगला, चर्चमध्ये वाईट, याचा दुसरा अर्थच निघत नाही. त्यांना ओकालाला कानाच्या डॉक्टरकडे ने. काहीतरी कारण सांगून ने. आणि सगळ्यांसमोर शोभा होण्याआधी त्यांनी स्वतःहून थांबावं, हेच बरं. मला हे लिहिताना आनंद होत नाहीये.

तुझा,
लेम

*

पामेट्टो बेंड
६ जुलै १९७४

लेम,

तुझं पत्र काल आलं. तुझी पत्रं मी जेवणाच्या टेबलावर डॅडींना मोठ्यानं वाचून दाखवते, हे तुला कधी सुचलंच नाही? त्यांना चष्म्यानंही बारीक अक्षर लागत नाही. पहिल्यापासून मीच वाचते. "हे तुझ्यापुरतं" वाचलं तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा असेल. म्हाताऱ्या माणसांचं वाचलं, टीव्हीचं वाचलं, डॅडी हसलेसुद्धा. मग पुढची ओळ डोळ्यांनी आधी दिसली आणि मी थांबले.

"वाच," डॅडी म्हणाले.

"काही नाही, कोरीनबद्दल आहे."

"झेला. वाच."

वाचलं मी. काय करणार होते? शेवटपर्यंत वाचलं. डॅडींनी ताटातले वाल संपवले, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "पोराचा धंदाच आहे तो. त्याला कळत असणार."

बस, एवढंच. उठून गिटार पेटीत घातली, पेटी पलंगाखाली सरकवली. ॲम्पवर चादर टाकली. मला म्हणाले, "एल्डर गेथर्सना सांग, रविवारी ऑर्गनवर भागवा."

आता तुला सगळंच सांगते, मागच्या वेळी लपवलं होतं. एल्डर गेथर्स आले होते घरी. फार आदरानं बोलले. म्हणाले, "ब्रदर टॉलिवर, थोडी विश्रांती घ्या, तुमची जागा तुमचीच आहे." डॅडींनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि नंतर मला म्हणाले, "मला बघायचंय कोण बसतं तिथं." इतका पीळ होता माणसात, दोन आठवड्यांपूर्वी! तो तुझ्या एका पानानं गेला. आज सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसलेत. मी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळले. खरंच ऐकू आलं नाही, की आता आपल्याला ऐकू येत नाही असं ठरवूनच बसलेत, मला कळेना.

आणि तुझा तो ओळखीचा दुकानदार! त्यानं तुला साफ गंडवलंय. पत्राच्या दोन दिवस आधी खोका आला होता, तेव्हा आम्ही व्हॉल्व्ह लावले. डॅडींनी चार सूर वाजवले आणि म्हणाले, "हा नवा नाही. नवा व्हॉल्व्ह थोडे दिवस टोचतो. याच्या कडा झिजल्यात. कोणीतरी हा रोज वाजवलाय, आणि गिटारच वाजवलीय, रेडिओतला नाही हा. पोराला सांग, वापरलेला माल कोरा म्हणून विकला तुला." आवडला होता त्यांना फार. पण जाऊ दे, आता काय उपयोग.

झेला

*

रोचेस्टर
९ जुलै १९७४

झेला,

हे पत्र डॅडींना वाचून दाखव. मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून.

दुकानदार वगैरे कोणी नाही. ते लहान व्हॉल्व्ह मी माझ्या स्वतःच्या ॲम्पमधून काढले. इथं चांगले मिळेनात आणि रिकाम्या हातानं नाही म्हणवेना. मी शनिवारी एका क्लबात वाजवतो, चर्चमध्ये नाही. डॅडींना रुचणार नाही म्हणून बोललो नव्हतो. ते व्हॉल्व्ह दोन वर्षं माझ्या गिटारखाली तापलेत.

मी काचा घासून पुसल्या होत्या. वरची छापील अक्षरं जशीच्या तशी होती. माझ्या तपासणीच्या यंत्रानंही त्यांना नवे म्हटलं असतं. आणि डॅडींनी चार सुरांत ओळखलं. कडा झिजल्यात ते ओळखलं, गिटार वाजलीय तेही ओळखलं! मी ते वाक्य कोरीनला वाचून दाखवलं, परत स्वतःशी वाचलं, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. गेले कित्येक दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. असे कान गेलेले नसतात, झेला. माझे कान त्यांच्या निम्मे तरी असते तर!

डॅडी, मी चुकलो. माझ्या गिऱ्हाइकांवरून मी तुम्हाला मोजलं.

म्हणजे बिघाड चर्चमध्ये आहे. काय आहे ते मला इथून दिसत नाही. झेला, मधल्या वारी, चर्च रिकामं असताना ॲम्प तिथं ने. तारा नुसत्या छेड आणि समोर बसून ऐक. काय बदललंय ते शोध.

लेम

*

पामेट्टो बेंड
१३ जुलै १९७४

प्रिय लेम,

बसून वाच.

तुझं पत्र मी अंगणात वाचून दाखवलं. क्लबाचं वाचताना मी जरा घाईनं वाचलं, तर म्हणाले, "ते पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मग पोराचा हात चांगला आहे." पण गिटार काही काढली नाही. कानांबद्दल तुझं मत एकदा उलटलं, पुन्हा उलटणार नाही कशावरून, असं म्हणतात.

म्हणून काल मी एकटीच ॲम्प आणि गिटार घेऊन चर्चला गेले. एल्डर गेथर्सनी दार उघडलं, ॲम्प आत न्यायला हात लावला. उकाडा असा की कपडे अंगाला चिकटलेले. मी लावलं, तापू दिलं, आणि एल्डरना म्हटलं, तुम्ही तारा छेडा, मी मागच्या बाकावर बसते.

त्यांनी छेडल्या. लेम, घरच्यासारखा आवाज! छपराला लागून परत आला. मी ओरडले, "हाच! हाच तर आवाज!" ते म्हणाले, "मग बिघडलंय कुठं?" मी म्हटलं, "तेच तर!" असा आमचा दोघांचा तमाशा.

मग बिचारे घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, जरा थांबा, एसी लावतो, नाहीतर आपण दोघंही इथंच वितळू."

खटका दाबला. खिडकीपलीकडे धडधड झाली. त्यांनी पुन्हा तारा छेडल्या, आणि सूर खाली बसला. कोणी वरून गादी टाकावी तसा. मी धावत पुढे गेले. ॲम्पच्या मागं पाहिलं तर व्हॉल्व्हचा केशरी उजेड मावळून विटकरी झालेला.

"एल्डर, बंद करा ते!"

बंद केलं. हळूहळू उजेड परत चढला. सूरही चढला. लावा म्हटलं, पुन्हा पडला. आम्ही हे इतक्यांदा केलं की सिस्टर लूडी शेजारच्या घरातून विचारायला आली, कोण खेळतंय बटणाशी. एसी सगळी वीज ओढून घेतो आणि डॅडींच्या ॲम्पला उष्टं उरतं. ऑर्गनला काही होत नाही, तो नव्या पद्धतीचा, ट्रान्झिस्टरचा आहे. दिवेही मंदावत असणार, पण दिवसा दिव्यांकडे कोण बघतंय? आणि एसी लागतो कधी, तर फक्त रविवारी, लोक भरले की.

एल्डर गेथर्स मटकन बाकावर बसले. म्हणाले, "मी त्यांना विश्रांती घ्या म्हटलं. आणि त्यांचा गळा मीच दाबून धरला होता." मी म्हटलं, "एल्डर, तुम्ही म्हाताऱ्या वाचवल्यात. आता डॅडींनाही वाचवा."

घरी आले ती धापा टाकतच. डॅडी शेंगा सोलत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"एसी?"

"हो डॅडी, एसी."

"म्हणजे मला ऐकू येत होतं ते बरोबर होतं?"

"तुम्हाला एकट्यालाच बरोबर ऐकू येत होतं."

मग त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मला वाटलं रडतात की काय. आणि एकदम हसायलाच लागले. "त्या एसीला वर्गणी दिलीय मी! सगळ्यांत पहिली!" असे हसले की मांडीवरच्या शेंगा अंगणभर. मग मीच रडले, उगीच. डॅडींनी मला त्यांचा रुमाल दिला. आपल्याला रुमाल लागतच नाही, असं दाखवायचं होतं त्यांना.

तुझी,
झेला

*

रोचेस्टर
१७ जुलै १९७४

प्रिय झेला,

काल पोरांनी विचारलं, पप्पा शीळ का घालतात. आजोबांना ऐकू येतं म्हणून, असं कोरीननं सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, तीही शीळ घालत फिरली.

विजेचं माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मला नवल वाटतं. रोज वीजच हाताळतो. असो. एसीला खांबापासून वेगळी लाइन घ्यायला सांगा, आणि चर्चच्या जुन्या तारा माहितगार इलेक्ट्रिशियनला तपासू द्या. तोवर ॲम्प बाहेरच्या दुसऱ्या घरातून चालवा. वायर जाड हवी, फ्रीजच्या सॉकेटला मात्र लावू नका.

माझा हात चांगला आहे, हे ते खरंच म्हणाले? तू भर घातलेली नाहीस ना?

लेम

*

पामेट्टो बेंड
२२ जुलै १९७४

प्रिय लेम,

भर घातलेली नाही. खरंच म्हणाले.

आता कालचं ऐक. एसीची लाइन पुढच्या आठवड्यात होणार, पण डॅडी थांबायला तयार नव्हते. शनिवारी दिवसभर मला ॲम्प उघडायला लावला. पहिला संच, तुझा संच, त्यांचे जुने, सगळे टेबलावर मांडून बसले. एक लावायचा, ऐकायचं, मान हलवायची, दुसरा. मी दर वेळी "थांबा, वीज दबा धरून बसलीय," म्हणायची आणि ते म्हणायचे, "मग भांडी घास." घरात एक भांडं घासायचं उरलं नाही. शेवटी जमलं. तोंडाशी तुझा लहान व्हॉल्व्ह, बाकी सगळे त्यांचे जुने. म्हणाले, "आता बोलतोय. माझ्या जुन्यांना उगीच काढलं होतं."

सिस्टर लूडीच्या स्वयंपाकघरातून खिडकीतून जाड वायर आणली. ती दारातच उभी, "माझ्या चुलीशेजारून येतोय पवित्र आत्मा, पाय देऊ नका कोणी!" म्हणून प्रत्येकाला दटावत. एसी धडधडत होता, माणसं खच्चून भरलेली. सगळ्यांना कळलं होतं. पामेट्टो बेंडमध्ये काय लपतं?

एल्डर गेथर्सनी प्रवचन आटोपतं घेतलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्रदर टॉलिवर, गेले कित्येक रविवार आम्ही तुमच्यावर उशी दाबून बसलो होतो. आता तुमचं ऐकतो."

मी या वेळी गाणाऱ्यांत उभी राहिले नाही. समोर बसले, तिसऱ्या बाकावर. डॅडींनी कांडी टेकवली आणि तो सूर ओढला. खालून निघाला, वर गेला, अजून वर गेला, आता तुटेल म्हणेपर्यंत गेला आणि तिथं थांबून थरथरत राहिला. माझ्या पुढची बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. डॅडींनी या वेळी मागे वळून ॲम्पकडे बघितलं नाही. डोळे मिटले होते. पास्टरची बायको ऑर्गनवर त्यांच्या मागोमाग जायला लागली, आणि मग दोघांनी मिळून आम्हाला कुठं नेलं ते तुला मी सांगू शकत नाही. नाचता नाचता चपला हरवल्या लोकांच्या. सिस्टर लूडीची शाल कुठं गेली ते तिला अजून सापडलेलं नाही.

दुपारी डॅडींनी दोन ताटं तळलेले मासे खाल्ले आणि खुर्चीतच झोपले. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीतून अगदी हळू म्हटलं, "पीच पाय हवाय का?" डोळे न उघडता म्हणाले, "मोठा तुकडा."

खाली त्यांना स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायच्यात. अक्षराला हसू नकोस.

तुझी,
झेला

लेम,
ऑक्टोबरात चर्चचा मोठा मेळावा आहे. माझ्या डाव्या बाजूला एका खुर्चीची जागा होते. नवी लाइन टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारून घेतलंय. दोन ॲम्पना पुरेल म्हणतो.
डॅडी